कडीच्या बाहेरची हजेरी

या, असे जवळ सरका. मागे बसलेल्यांनी पुढे यावं, दाराला टेकून उभे आहेत त्यांनी दार सोडून आत बसावं, कारण आजची कथा दाराचीच आहे. क्षणभर देवाचं नाव घ्या आणि काळीज घट्ट करा. कथेत रक्त आहे, बरंच आहे, आणि ते पुसून सांगितलं तर ज्याचं सांडलं त्याच्यावर अन्याय होईल. पण शेवटपर्यंत ऐकाल तर एक माणूस सोबत घेऊन घरी जाल, एवढा शब्द आहे.

तर एका मोठ्या इस्पितळाच्या मागच्या अंगाला एक शाळा होती. डॉक्टर घडवणारी नव्हे, डॉक्टरांचे सहाय्यक घडवणारी. डॉक्टर कितीही मोठा असला तरी त्याला हात दोनच. त्याच्याआधी रोग्यापाशी पोचणारं, जखम धुऊन टाके घालणारं, तो येईपर्यंत जाऊ पाहणारा जीव दारातच थोपवून धरणारं कुणीतरी लागतं. ते कुणीतरी या शाळेत तयार होई.

तिथले मास्तर म्हणजे नाकावर माशी बसू न देणारे. सगळा जन्म अपघात विभागात काढलेला, केस बारीक कापलेले, बूट असे की त्यात तोंड पाहून घ्यावं. आवाज मात्र कधी चढायचा नाही. घंटा झाली की मास्तर स्वतः उठत आणि वर्गाच्या दाराला आतून कडी घालत. ती साधी कडी नव्हती. जुन्या इमारतीची, हातभर लांबीची लोखंडी कडी, सरकली की खण्णकन वाजायची. तो आवाज झाला की बाहेरचा तो बाहेर. मग त्याने दार ठोठावावं, विनवण्या कराव्यात, बस बंद पडली म्हणून सांगावं, मास्तरांची शिकवणी चालूच. "रोगी तुमची वाट पाहत मरायचा थांबणार आहे का," एवढंच ते म्हणत.

सुरुवातीला दार वाजलं की पोरापोरींच्या माना वळायच्या, आत जरा चुळबुळ व्हायची. महिना गेला नि माना वळेनाशा झाल्या. दाराचं वाजणं पंख्याच्या घरघरीसारखं झालं. कानात शिरायचं आणि तिथेच विरून जायचं.

कडी लागली की हजेरी. तीही नाव पुकारून 'हजर' म्हणण्याची नव्हती. सगळ्यांनी दोन्ही हात पुढे धरायचे, आधी तळवे, मग पालथे. मास्तर रांगेतून फिरत. नख वाढलेलं चालायचं नाही, अंगठी चालायची नाही, घड्याळ चालायचं नाही. "तोंड खोटं बोलतं, हात बोलत नाहीत," असं त्यांचं म्हणणं.

आणि सगळ्यात कडक काम हकिगतीचं. रोगी एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती द्यायचा तर त्याची हकिगत एका दमात सांगायची: कोण, काय झालं, आता काय दिसतंय, आपण काय केलं, काय हवंय. रडायचं नाही, हुंदका द्यायचा नाही, 'माझा', 'माझी' म्हणायचं नाही. "रोगी तुमची आई असली तरी त्या घटकेला ती 'रुग्ण स्त्री'. तुम्ही रडत बसलात तर ऐकणाऱ्याला काय कळणार?" आणि अशी हकिगत कानी पडली की ऐकणाऱ्याने हातातला घास टाकून उठायचं. मास्तर याची परीक्षा कुठेही घेत. चहाच्या टपरीवर, जिन्यात अचानक म्हणत, "रुग्ण पुरुष, शिडीवरून पडला," की सगळे ताडकन उठलेच पाहिजेत. एकदा एक पोरगा तोंडाला साबण लावलेला तसाच न्हाणीघरातून धावत आला आणि खांबावर आपटला. त्याची हकिगत मग दुसऱ्याने सांगितली. वर्ग आठवडाभर हसत होता.

आणखी एक वाक्य मास्तर पहिल्याच दिवशी सांगत: "घरचं घरी. या उंबऱ्याच्या आत तुमचं भांडण, तुमचं दुखणं, तुमचं लग्न, काही आणायचं नाही." वाक्य वाईट नव्हतं. पण ऐकणाऱ्यांत एक बाई अशी होती की तिच्यापुरतं ते वाक्य म्हणजे दुसरी कडीच झाली.

तिला सगळा वर्ग वहिनी म्हणे. त्याला कारण तिचा नवरा. पहिल्या दिवशी तो तिला सोडायला आला, तिची पिशवी खांद्याला लावून, आणि तासाभरात अर्ध्या वर्गाचा दादा होऊन गेला. कुणाच्या स्कूटरचा बिघाड काढून दिला, कुणाला बिस्किटं खिलवली. धंद्याने तो सोफे मढवणारा, गाद्या भरणारा. हात सोन्यासारखे. वाकडी सुई रेक्झिनमधून अशी काढायचा की शिवण शोधावी लागे. लग्नानंतरच्या चांगल्या दिवसांत त्याने बायकोला शेजारी बसवून ती सुई शिकवली होती, म्हणूनच मास्तरांनी टाक्यांची वाकडी सुई हाती दिली तेव्हा वहिनीचा पहिलाच टाका असा पडला की मास्तरांनी तो सगळ्यांना बोलावून दाखवला. तिने हौसेने घरी येऊन सांगितलं, "अहो, तुमची विद्या कामी आली." तो हसला. मग जेवताना हसणं थांबलं. मग ताट भिंतीवर गेलं.

त्याचं काय बिघडलं हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. बायको आपल्याच सुईने आपल्यापुढे निघाली, हे त्याच्या घशाखाली उतरेना. राग धरायला त्याला एक वस्तू सापडली ती म्हणजे अंगठी. वर्गात हातात काही घालायचं नाही म्हणून ती लग्नाची अंगठी घरी डबीत ठेवून जायची. "कुणासाठी काढतेस?" तो विचारी. उत्तर काहीही दिलं तरी हात उठे. पाठीवर मारलं की ती वर्गाला जाई. तोंडावर मारलं की जाता येत नसे. अशा गैरहजेऱ्या साठत गेल्या. मास्तरांनी बोलावून विचारलं तेव्हा ती म्हणाली, जिन्यावरून पडले. मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाले, "बाई, हात चांगला आहे तुमचा. पण आणखी एक दिवस चुकला तर नाव कमी होईल. मग माझ्या हातात काही नाही."

तिने मान हलवली. घरचं घरी.

आता तो दिवस. टाके घालण्याची परीक्षा होती. वहिनी सकाळी टेबलावर आपला पांढरा कोट इस्त्री करत होती. नवरा न्हाणीघरातून बाहेर आला, तिच्या उघड्या बोटाकडे पाहिलं, डबी आणली आणि अंगठी काढून तिच्यापुढे धरली.

"घाल."

"अहो, आज परीक्षा आहे. संध्याकाळी घालते."

"आत्ता घाल."

तिने घातली. वाटलं, बसमध्ये काढून रुमालात बांधू. त्याने ते तिच्या तोंडावर वाचलं. काही न बोलता तिचं डावं मनगट धरलं, टेबलाचा वरचा खण उघडला, तिची बोटं खणात घातली आणि कमरेचा सगळा भार देऊन खण बंद केला.

आवाज बारीकच झाला, वाळकी काडी मोडावी तसा. किंचाळी नंतर आली. "आता काढून दाखव," तो म्हणाला आणि खण पुन्हा उघडला, पुन्हा बंद करण्यासाठी. तेवढ्या फटीत तिचा उजवा हात मोकळा होता आणि त्या हाताशी तापलेली इस्त्री होती. देव कुणाकुणाच्या हातात काय काय देऊन ठेवतो. तिने ती इस्त्री त्याच्या गालावर अशी टेकवली की चर्र झालं आणि खोलीभर जळक्या कातड्याचा वास पसरला. तो मागे कोलमडला, खुर्चीवरून उताणा पडला. तिने कोट ओढला, चपला पायात आल्या न आल्या आणि जीव मुठीत धरून रस्त्यावर आली.

कुठे जावं? माहेर लांब. शेजारी सगळे त्याला दादा म्हणणारे. पायांनी विचारलंच नाही. ते रोजच्या बसकडे वळले. बसमध्ये तिने डावा हात कोटाखाली लपवला. अंगठीचं बोट वांग्यासारखं जांभळं होऊन फुगलं होतं, अंगठी मांसात रुतत चालली होती. वर्गात शिकलेलं तिला आठवत होतं: सूज अशीच वाढली तर अंगठीच्या पुढचं बोट मरतं. आणि मनात एकच, वेड लागल्यासारखं चाललेलं: कडीच्या आत पोचलं पाहिजे. आत पोचलं की परीक्षा आहे, नाव राहील, आणि कडी लागली की तोही आत येऊ शकणार नाही. ज्या कडीला इतके दिवस भीत आली, तीच आता तिला आईच्या कुशीसारखी वाटत होती.

बस सिग्नलला थांबली, पुन्हा थांबली. ती इस्पितळाच्या मागच्या फाटकातून धावली, लांब ओसरी पार केली, आणि वर्गाच्या वळणावर आली तेव्हा तिने ऐकलं. खण्णकन.

ओसरीत भिंतीशी लाकडी बाक होतं. त्यावर एक जाडजूड माणूस दाराकडून वळून नुकताच टेकला होता, मांडीवरच्या पिशवीतून बिस्किट काढत. याला सगळे सावकाश म्हणत. पूर्वीचा बस ड्रायव्हर, उतारवयात शिकायला आलेला. घरी लुळा झालेला म्हातारा बाप, त्याला रोज न्हाऊ घालून, भरवून निघायचा, आणि बाप एकेक घास असा चघळायचा की बाहेर ऊन डोक्यावर येई. त्यामुळे कडीच्या आत सावकाश दिसला तर वर्ग टाळ्या वाजवी. गैरहजेरीपायी त्याचं वर्ष बुडालंच होतं. तरी तो रोज येई आणि बाकावर बसून दाराच्या फटीतून येईल तेवढं ऐके.

"वहिनी, तुम्हीसुद्धा?" तो सरकून म्हणाला. "बसा. हे बाक माझ्या मालकीचं आहे, पण तुमच्याकडून भाडं घेणार नाही."

"कडी लागली?"

"माझ्या नाकासमोर. आज फक्त नाकाएवढाच उशीर होता, प्रगती आहे. आमच्या घरात घाई म्हणाल तर ती दुधालाच असते, उतू जायची." मग त्याचं लक्ष तिच्या कोटाखालच्या हाताकडे गेलं आणि बिस्किट पिशवीत परत गेलं. "हात दाखवा."

वर्गातलाच शब्द. तिने सवयीने हात पुढे केला.

सावकाश काही विचारत बसला नाही. कोण, कसं, का, काही नाही. तो तिच्या बोटाकडे पाहत म्हणाला, "अंगठी आधी निघाली पाहिजे. बोट जाईल." आणि खिशातून सरावाच्या रेशमी दोऱ्याचं रीळ काढलं. ती युक्ती मास्तरांचीच: दोरा अंगठीखालून ओवायचा, मग सुजलेल्या बोटावर पेरापर्यंत आवळून गुंडाळायचा आणि खालच्या टोकाने उलगडत आणायचा, की अंगठी दोऱ्यावरून चढून बाहेर येते. त्याने चष्मा वर केला, दोऱ्याचं टोक ओलं केलं. "दुखेल. शिव्या द्यायच्या असतील तर मास्तरांच्या नावाने द्या, मला ऐकायला बरं वाटेल."

तिला हसू फुटलं आणि त्याच वेळी ओसरीच्या टोकाला तो दिसला.

गालावर इस्त्रीचं तिकोनी लाल-काळं चिन्ह, एक डोळा मिटलेला. इस्पितळात भाजलेला माणूस धावत आला तर त्याला कोण अडवणार? फाटकावरच्या पहारेकऱ्याने वाट दाखवली, हमालाने ढकलगाडी बाजूला घेतली. आणि त्याच्या हातात होती रेक्झिन कापायची सुरी, टोकाशी वाकडी, आतून धार असलेली.

वहिनी दारावर जाऊन आदळली. उजव्या मुठीने ठोठावलं. "दार उघडा. मास्तर, दार उघडा. मारील तो मला."

आतून मास्तरांचा आवाज येत होता, नेहमीच्याच पट्टीत: "सुई मनगटातून फिरली पाहिजे, बोटांतून नव्हे."

आणि त्या घटकेला आत काय चाललंय ते तिला डोळ्यांपुढे दिसत होतं. तीही त्या दाराआड बसली होती. तिनेही असं ठोठावणं ऐकलं होतं, असं 'मास्तर, उघडा' ऐकलं होतं. 'मेले', 'मारील', 'संपले मी', सगळेच उशिरा आलेले असलंच काहीबाही ओरडत, आणि तिनेही मान वळवली नव्हती.

नवरा जवळ आला आणि दाराकडे तोंड करून अगदी नेहमीच्या गोड आवाजात म्हणाला, "मास्तर, मी. काही नाही, घरचं आहे जरा. चालू द्या तुमचं."

आतली शिकवणी थांबली. मग मास्तर म्हणाले, "घरचं घरी. इथे शिकवणी चालू आहे."

पहिला वार तिच्या दंडावर बसला. कोटाची बाही फाटली आणि पांढऱ्यावर लाल ओघळ धावले. दुसरा वार मानेकडे येत होता. आणि मायबापहो, जो माणूस जन्मात कधी घाईने उठला नव्हता तो उठला. बाक मागे पडलं. सावकाशने आपलं सगळं धूड त्या दोघांच्या मध्ये घातलं, सुरीचा हात बगलेत धरला आणि नवऱ्याला भिंतीवर दाबलं.

"सोडा दादा. सुरी सोडा. बायको आहे ती, सोफा नव्हे."

"तूच का तो?" नवरा फुत्कारला. "तुझ्यासाठीच काढते काय अंगठी?"

"माझ्यासाठी कुणी जांभई देत नाही," सावकाश धापा टाकत म्हणाला.

नवऱ्याने गुडघा मारला. सावकाश वाकला, बगलेतली पकड सुटली. सुरी खालून आली, जांघेत शिरली आणि वाकड्या टोकाने शिवण उसवावी तशी आडवी ओढली गेली. रक्त ओघळलं नाही, उडालं. भिंतीवर माणसाच्या उंचीपर्यंत गेलं, परत गेलं, ठोक्याठोक्याने. सावकाश पाय पसरून खाली बसला, जणू त्याचं बाकच तिथे आहे. पडता पडता त्याने नवऱ्याच्या दोन्ही पायांना मिठी घातली. ती मिठी वरून लाथा पडल्या, सुरी खांद्यात दोनदा शिरली, तरी सुटली नाही.

वहिनी त्याच्यावर पडली. उजवी मूठ त्याच्या जांघेत खुपसली, वर मोडक्या बोटांचा डावा तळवा ठेवला आणि अंगाचा सगळा भार दिला. डोळ्यांपुढे काजवे चमकले. मुठीखालून गरम रक्त येतच होतं. तिने तोंड उघडलं. किंचाळीच यायची होती. पण इतके महिने घासून घासून बसवलेलं काहीतरी आतून वर आलं, आणि बाहेर पडला तो आवाज तिच्या ओळखीचा नव्हता. स्वच्छ, सपाट, खणखणीत.

"रुग्ण पुरुष, वय पन्नास. उजव्या जांघेत सुरीचा वार, मोठी धमनी तुटली आहे. रक्त उसळतंय, तोंड पांढरं पडलंय, शुद्धीवर आहे. मुठीने दाबून धरलंय, पुरत नाही. चिमटे हवेत, रक्त हवं, मारणारा अजून इथेच आहे, माणसं हवीत. आत्ता."

तिचा शेवटचा शब्द संपायच्या आत कडी वाजली.

दार उघडलं तेव्हा सगळा वर्ग उभा होता. कुणाच्या हातात सुई, कुणाच्या हातात चिमटा. ठोठावण्याला न उठलेली ती पोरं हकिगतीला अशी उठली की दोन टेबलं उलथली. मास्तर गुडघ्यावर आले ते थेट रक्तात. चिमटा वहिनीच्या मुठीशेजारून आत गेला, निसटला, पुन्हा गेला. पुढच्या पोरांनी नवऱ्याला धरलं. कालपर्यंत ज्याला दादा म्हणत होते त्याचं डोकं त्यांनी फरशीवर आपटलं. सुरीचा हात एकाने गुडघ्याखाली घेतला आणि मनगट मोडेपर्यंत दाबला, आणि मोडल्यावरही दाबतच राहिला. एक पोरगी रडत रडत त्याच्या तोंडावर बुटाच्या टाचेने मारत होती, भाजलेल्या गालावरच, नेम धरून.

"पुरे." मास्तरांनी मान वर केली नाही. "तो आता रुग्ण आहे. दोघांनी त्याचं मनगट बांधा, गालावर ओली पट्टी द्या."

"मी नाही करणार," ती पोरगी म्हणाली.

"करा. मग बाहेर जाऊन ओका."

तिने केलं. मग बाहेर जाऊन ओकली.

सावकाशच्या ओठांचा रंग गेला होता. ढकलगाडी आली, त्याला उचलायला पाचजण लागले. वहिनीची मूठ अजून तिथेच होती, ती गाडीबरोबर वाकून धावत होती. शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारापाशी त्याने डोळे उघडले, तिचा हात पाहिला आणि म्हणाला, "अंगठी राहिली की. आधी ती काढा, बोट जाईल." थोड्या वेळाने, अगदी बारीक आवाजात म्हणाला, "बाबांना दुपारी कोण..." आणि दारं मिटली.

दुपार व्हायच्या आतच तो गेला. रक्त बाटल्यांनी चढवलं, डॉक्टरांनी हाताची शर्थ केली. पण ओसरीत जे सांडलं होतं ते परत भरून आलं नाही. दार पहिल्या हाकेला उघडलं असतं तर? हा प्रश्न कुणी मोठ्याने विचारला नाही. पण तिथल्या प्रत्येकाने तो स्वतःला विचारला, आणि मास्तर तर तो आजही विचारत असतील.

तो गेला त्याच घटकेला मास्तर वहिनीसमोर बसले. तिच्या दंडावर टाके पडले होते, मोडलेली बोटं बांधायची होती, तो जाईपर्यंत तिने ती कुणाला पाहू दिली नव्हती. अंगठी आता दिसतही नव्हती, नुसतं बोट. सावकाशच्या खिशातलं ते दोऱ्याचं रीळ रक्ताने कडक झालं होतं. मास्तरांनी ते कोमट पाण्यात सोडवलं, दोरा ओवला, वळसा वळशाला लावून गुंडाळला. दोरा त्यांच्या हातून निसटला. जन्मात पहिल्यांदा निसटला, त्यांनी तो पुन्हा गुंडाळला.

"मला वाटलं, नेहमीचंच," ते म्हणाले.

"मलाही वाटायचं, मास्तर," ती म्हणाली. "आत असताना."

अंगठी निघाली. मास्तरांनी ती ताटलीत टाकली तेव्हा नुसता टिंग असा आवाज आला. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं नाही.

नवरा तुरुंगात गेला, पुढे त्याला जन्मठेप झाली. पण कथा तिथे संपत नाही, कारण नियम अजून उभा होता. शाळेच्या प्राचार्या वाईट बाई नव्हत्या, नियमाला धरून चालणाऱ्या होत्या. पुढच्याच आठवड्यातल्या बैठकीत त्या म्हणाल्या, "झालं ते भयंकर झालं. पण त्या दिवशी कडी लागल्यावर त्या आल्या. ही त्यांची शेवटची गैरहजेरी. एकीला सवलत दिली की उद्या प्रत्येकजण कारण घेऊन येईल. नाव कमी करणं भाग आहे."

वहिनी भिंतीशी उभी होती, हात गळ्यात बांधलेला. घर गेलं होतं, नवरा गेला होता, आता उरलं होतं ते एवढंच, आणि तेही टेबलावरून सरकत चाललं होतं.

मास्तर उभे राहिले. "त्या दिवशी वर्ग कुठे होता?" त्यांनी विचारलं.

"वर्गात. म्हणजे काय?"

"वर्गात मी होतो, मुलं होती, आणि डुकराच्या कातड्यावर टाके चालले होते. बाहेर एक माणूस मरत होता, त्याची धमनी एका विद्यार्थिनीने मोडक्या हाताने धरली होती, आणि मी शिकवलेली हकिगत एक शब्द न चुकता दिली होती. दुसऱ्या विद्यार्थ्याने रोगी आणि सुरी यांच्यामध्ये स्वतःला घातलं होतं. बाई, वर्ग ओसरीत भरला होता. त्या दोघांची हजेरी लागली. गैरहजर आम्ही होतो. नाव कमी करायचं तर माझ्यापासून सुरुवात करा."

प्राचार्यांनी समोरचा हजेरीपट मिटला. मग म्हणाल्या, "त्यांना परीक्षेसाठी नवा दिवस द्या."

त्याच दुपारी मास्तरांनी इमारतीच्या सुताराकडून पहार मागून आणली. स्क्रू गंजले होते, निघेनात. मग त्यांनी कडी उखडलीच, लाकडासकट, घाव घालून घालून. तळहाताची साल निघाली, बुटांवर भुसा आणि रक्त पडलं, आणि सगळा वर्ग ओसरीत उभा राहून पाहत होता. कुणी पुढे झालं नाही. शेवटच्या घावाला कडी खाली पडली तेव्हा वाजली, खण्णकन, आणि अर्ध्या वर्गाने डोळे मिटून घेतले.

हजेरी अजूनही सक्तीची आहे. मास्तर काही मऊ झाले नाहीत. उशीर केला तर आजही असं बोलतात की कान गरम व्हावेत. पण दार नुसतं लोटलेलं असतं, आणि वाजलं की सगळ्यात जवळचा उठतो. हात दाखवण्याची रीतही तशीच आहे. आणि 'घरचं घरी' हे वाक्य पुन्हा कुणी ऐकलं नाही. हात पाहताना काही दिसलं तर मास्तर तिथे थांबतात, आणि तास संपल्यावर विचारतात. पहिल्या उत्तरावर सोडत नाहीत.

वहिनी पास झाली. डाव्या हाताचं ते बोट आता पुरतं वाकत नाही, टाके घालताना ते बाजूला उभं राहतं, पहाऱ्यावर असल्यासारखं. तिची शिवण मात्र आजही शोधावी लागते. अपघात विभागात ती असते, आणि रोज सकाळी थोडी उशिरा पोचते. कारण वाटेत एका खोलीत एक लुळा म्हातारा असतो. त्याला ती न्हाऊ घालते, भरवते. तो एकेक घास चघळतो, चघळतो, आणि मध्येच विचारतो, "आमचा अजून आला नाही?" ती म्हणते, "येईल बाबा, सावकाश येईल." आणि पुढचा घास हातात धरून बसते.

तर मायबापहो, आता उठाल, घरोघर जाल. उद्या कुठे दाराच्या आत बसले असाल आणि बाहेरून कुणी ठोठावेल, तेव्हा नेहमीचंच असेल असं वाटेल. त्या वेळी त्या जाड्या, हसऱ्या, कधीच वेळेवर न आलेल्या माणसाची आठवण करा. त्याचं नाव सांगितलं नाही, ते देवाला ठाऊक आहे. तुम्ही त्याला सावकाश म्हणा, आणि त्याच्यासाठी उठून दार उघडा.